बिनतेलाची चटणी

नागूबाई शिवशरणला पुणं माहीत होतं म्हणजे काय, तर स्टेशन, रिक्षाथांबा, दवाखान्याचा चौथा मजला आणि मागची धर्मशाळा. चौदा महिने झाले, दर पंधरा दिवसांनी ती पुण्याला जात होती. सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या बायकांनी पुण्यातल्या दुकानांचं विचारलं की ती म्हणायची, मला काय ठाऊक, मी तिकडं बाकड्यावर बसायला जाते. बायका हसायच्या. नागूबाईला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. बसून बसून तिची कंबर धरली होती आणि गुडघे जिना बघितला की कुरकुरायला लागायचे.

वय बावन्न. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, एक मुलगी माढ्याला नांदायला. पेठेतल्या दोन खोल्यांत कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायची, हा तिचा धंदा. गिरणीत दळलेली चटणी तिच्याकडं कुणी मागायचं नाही आणि मागितली तर मिळायची नाही. दगडी उखळ, मुसळ आणि नागूबाईचे दंड, एवढ्यावर वीस वर्षं दुकान चाललं होतं. गिऱ्हाइकानं बोट घालून चटणी बघितली, ओलसर लागली आणि विचारलं की मावशी, तेल किती घालता, तर तिचं उत्तर ठरलेलं असे. आमच्या चटणीत तेलाचा थेंब नसतो. शेंगदाणा नीट भाजला आणि मरेस्तोवर कुटला की तो आपसूक तेल सोडतो. हे सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची, आणि का होऊ नये? तिच्याकडं ताठ होण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं.

आणि तिला एक भाऊ होता. धर्मपाल तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ही तेरा. त्याचं नाक पुसण्यापासून ते त्याचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं अक्कानंच केलं. तो शिकला, मोहोळच्या एका शाळेत लिपिक म्हणून लागला, रोज जाऊन-येऊन नोकरी केली. त्याची बायको बुद्धप्रिया मंद्रूपच्या शाळेत शिक्षिका. सगळं मार्गी लागलं असं म्हणायला तोंड उघडावं, तेवढ्यात धर्मपालला रक्ताचा कॅन्सर निघाला.

औषधं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, सख्ख्या बहीणभावाचं रक्त जुळलं तर त्यातल्या मूळ पेशी घालता येतील. नागूबाईचं तंतोतंत जुळलं. त्या दिवशी तिनं गल्लीभर सांगितलं, जणू सोयरीकच जुळली होती. चार दिवस सुया टोचून घेतल्या, पाचव्या दिवशी हातातून रक्त यंत्रात गेलं, पेशी काढून परत आलं, आणि त्या पेशी धर्मपालच्या अंगात गेल्या. कॅन्सर गेला. धर्मपालचा रक्तगट बदलून तिचा झाला. तिनं मुलीला फोनवर सांगितलं, तुझ्या मामाला म्या परत जन्माला घातलं बघ.

आनंद सात महिने टिकला. मग धर्मपालची कातडी ताठरायला लागली. आधी दंडावर, मग मनगटावर, मग बोटांवर. कोपर सरळ होईना, मूठ वळेना. तोंडाची लाळ आटली, आतून सोलून निघालं, दोन बोटांपलीकडं जबडा उघडेना. डोळ्यांत पाणी येईना, म्हणून दर दोन तासांनी थेंब घालायचे. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की बहिणीच्या पेशी नव्या घरात राहायला आल्या आहेत, पण घरातलं सगळंच त्यांना परकं वाटतंय, म्हणून त्या घराशीच भांडतायत. पुष्कळांना होतं, कुणाचा दोष नाही. नागूबाईनं मान हलवली आणि बाहेर येऊन बाकड्यावर रडली. कुणाचा दोष नाही हे ऐकायला ठीक, पण चावत होतं ते रक्त तिचंच होतं. भाडेकरूनं मालकाला बाहेर काढावं तसलं हे, आणि भाडेकरू पाठवलेला तिनं.

यावर पुण्याला जो उपचार चालू झाला तो तिला आधी पोरखेळ वाटला. धर्मपालचं रक्त नळीतून यंत्रात जायचं. यंत्र ते फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी बाजूला काढायचं आणि बाकीचं रक्त परत द्यायचं. त्या पांढऱ्या पेशींत औषध घालायचे, आणि यंत्रातल्या यंत्रात त्यांच्यावर उजेड पाडायचे, उन्हात असतो पण डोळ्याला दिसत नाही तसला. मग त्या पेशी पुन्हा अंगात. उजेड खाऊन आलेल्या पेशी मवाळ होतात आणि बाकीच्यांनाही हळूहळू शांत करतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एका दिवसाचं काम तीन तासांचं, असे लागोपाठ दोन दिवस. नंतर चोवीस तास उन्हात जायचं नाही आणि काळा चष्मा काढायचा नाही. सोलापुरात ऊन चुकवून राहायचं कुठं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. कोरड्या डोळ्यांना एरवीही उजेड सोसेना, म्हणून बुद्धप्रियानं खिडक्यांना गोधड्या लावल्या त्या तशाच राहिल्या, चष्माही राहिला. पेठेतली माणसं त्याला हिरो म्हणू लागली, आणि तोही सुरुवातीला हसत असे.

बुद्धप्रियाची रजा संपली होती, म्हणून पुण्याची वारी नागूबाईच्या गळ्यात पडली. पहाटे उठून डबा करायचा, सकाळची गाडी धरायची. धर्मपालला खिडकीपासून लांबची जागा द्यायची. दौंड गेलं की डबा उघडायचा, कारण आजाऱ्यानं उपाशीपोटी दवाखान्यात जायचं नाही, हा तिचा नियम. पुढं तीन तास बाकडं, धर्मशाळा, परत बाकडं, आणि ऊन उतरल्यावर परतीची गाडी. भाऊबहीण गाडीत बोलायचे नाहीत. बोलण्यासारखं सगळं पहिल्या चार खेपांत बोलून झालं होतं.

गुण येत होता, पण मुंगीच्या पावलानं. म्हणून चार महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी जोडीला एक नवी गोळी दिली. त्या गोळीनं फरक दिसला. तोंड थोडं निवळलं, बोटं सैलावली, आणि एका सकाळी धर्मपालनं स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावली. पाच बटणांना पाव तास लागला. बुद्धप्रिया आणि नागूबाई दाराआडून बघत उभ्या होत्या आणि दोघींचीही मधे बोलायची छाती झाली नाही.

तोंड निवळलं तशी नागूबाईला उभारी आली. वर्षभर पेज आणि पातळ वरण खाऊन भाऊ काटकुळा झाला होता. तिनं त्याच्यासाठी मिरचीशिवाय चटणी कुटली. भाजलेला शेंगदाणा, मीठ, थोडं जिरं. पीठ होईपर्यंत, पिठाचा गोळा होईपर्यंत कुटायची, कोमट पाण्यात सैल करायची आणि त्यात कडक भाकरी मऊ होईस्तोवर भिजवायची. पहिल्या दिवशी धर्मपालनं वाटीभर खाल्ली आणि अजून मागितली. अजून, हा शब्द ऐकून तिचे गुडघे दोन दिवस दुखले नाहीत.

त्यानंतरच्या खेपेला डब्यात तीच चटणी-भाकरी होती. त्या खेपेला यंत्र अडलं. ताबीश नावाचा तंत्रज्ञ ते चालवायचा, सभ्य माणूस. त्यानं पिशवीतला पिवळा द्रव दाखवला, तो दुधासारखा पांढुरका झाला होता. रक्तात चरबी उतरली की असं होतं, तो म्हणाला. लाल कुठं संपलं नि पांढऱ्या पेशी कुठं सुरू झाल्या हे यंत्र उजेडानंच ओळखतं, गढुळलं की त्याला दिसत नाही. त्या दिवशी काम झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. ताबीशनं जरा अवघडून विचारलं, मावशी, तेलतुपाचं काही दिलं होतं का?

नागूबाई तापली. चौदा महिन्यांत तिनं त्या दवाखान्यात आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढला. पथ्य तिला पहिल्या दिवसापासून पाठ होतं. आदल्या दिवसापासून तेल नाही, तूप नाही, तळलेलं नाही, मटण नाही.

"बाबासाहेबांची शपथ घिऊन सांगते," ती म्हणाली, "तेलाचा थेंब म्हणून दिला न्हाय."

बाबासाहेबांची शपथ तिनं आयुष्यात दोनदा घेतली असेल, आणि दोन्ही वेळा खरी. ताबीशनं माफी मागितली. धर्मपाल खाटेवर डोळे मिटून पडला होता. तपासणीतही रक्तात चरबी फार निघाली. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढंमागं केले आणि त्यांना एकच गोष्ट नवी दिसली, ती गोळी. त्या गोळीनं चरबी वाढते हे पुस्तकातच आहे. आजपासून गोळी बंद, त्या म्हणाल्या. पुढच्या खेपेला द्रव स्वच्छ आला तर दोष गोळीचाच, मग ती कायमची सोडून द्यायची.

गोळी बंद होऊन आठवडा झाला आणि धर्मपालची बोटं पुन्हा आखडू लागली. दहाव्या दिवशी तिसऱ्या बटणाशी येऊन तो थांबला आणि त्यानं बायकोला हाक मारली.

अकराव्या दिवशी नागूबाईच्या घरी केराबाई कामाला लागली. मोहोळकडची विधवा बाई, धंद्यात नवी. पुण्याच्या खेपांमुळं नागूबाईचं कुटणं मागं पडत होतं, म्हणून तिला ठेवली. केराबाईनं तासभर मुसळ चालवलं आणि उखळात बघून विचारलं, आता तेल कवा घालायचं?

"घालायचं न्हाय बाई," नागूबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "कुटत ऱ्हा. शेंगदाण्याच्याच पोटात लई तेल असतंय."

बोलून झालं, आणि तिचा हात परातीतच थांबला. वीस वर्षं हेच वाक्य ती रोज म्हणत आली होती. ज्या तोंडानं म्हणत होती त्याच तोंडानं तिनं ताबीशला झापलं होतं. ती उठली, उखळातली मूठभर चटणी घेतली आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दाबली. कागदावर डाग पसरला. डागातून पलीकडची अक्षरं दिसायला लागली. केराबाईला वाटलं चटणी बिघडली. नागूबाई म्हणाली, चटणी झकास झालीय, आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

तिला काही सोपं सुचलं नाही असं नाही. चटणी गुपचूप बंद केली असती तरी पुढच्या खेपेला द्रव स्वच्छ आलाच असता, यंत्र चाललं असतं, आणि नागूबाईला कुणापुढं मान खाली घालावी लागली नसती. पण मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या, बघा, गोळीच वाईट होती. आणि ती गोळी धर्मपालला परत कधीच मिळाली नसती. हा हिशेब शाळा न शिकलेल्या बाईलाही कळत होता. तिला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. आधी रक्त दिलं, तर ते त्याला चावलं. मग घास दिला, तर तो आडवा आला. आता ह्या हातांनी करावं तरी काय?

दुपार कलल्यावर ती भावाकडं गेली. खिडक्यांना गोधड्या, अंधारात तो पडलेला. बुद्धप्रिया शाळेतून यायची होती. नागूबाईनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. माझ्यामुळं झालं धर्मा, म्हणाली, चटणीतच तेल हाय.

धर्मपालनं उशीवरची मान तिच्याकडं वळवली. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं, अक्का."

दवाखान्यानं दिलेल्या पथ्याच्या कागदावर काय काय खायचं नाही त्याची यादी होती आणि त्यात शेंगदाणे स्पष्ट लिहिलेले होते. कागद त्याच्याच पाकिटात होता. पहिल्यांदा यंत्र अडलं तेव्हाच त्याला उमगलं होतं. ताबीश विचारत होता आणि अक्का शपथ घेत होती, तेव्हा तो डोळे मिटून ऐकत होता.

"मग बोलला का न्हाईस?"

"थकलो गं," तो म्हणाला. "यंत्र अडलं की बरं वाटायचं. धर्मानं सोडलं असं कुणी म्हटलं नसतं. यंत्रानंच सोडलं असतं."

नागूबाई त्याच्या पायाशी बसली. तिला संताप आला होता, आणि संतापाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, ज्याची तिला लाज वाटली. दोन्ही वेळा यंत्र अडलं तेव्हा तिलाही बरं वाटलं होतं. धर्मशाळेच्या गादीवर दुपारी पाठ टेकायला मिळाली होती. पडल्या पडल्या तिच्या मनात आलं होतं की एक दिवस हे कुणीतरी बंद करेल तर बरं. तिनं ते भावाला सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, पण आता त्या दोघांत लपवून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "म्याबी थकले. पण तुझ्या अंगात रगत माझं हाय. मला इचारल्याबिगर तू कसा रं सोडतोस?"

धर्मपालनं काळ्या चष्म्याआडून तिच्याकडं बघितलं. त्याला हसू आलं असावं, पण त्याच्या ताठरलेल्या गालांवरून ते ओळखायला यायचं नाही. तिनं पुढं ओढलं नाही. बुद्धप्रिया आली, चहा झाला, नागूबाई घरी गेली. उरलेले चार दिवस तिनं त्याला मुगाचं पातळ वरण आणि भिजवलेली भाकरी पाठवली. डबा निम्मा परत यायचा. तो पुण्याला यायला तयार होईल की नाही, हे तिनं एकदाही विचारलं नाही, कारण नाही म्हणाला असता तर तिच्याजवळ दुसरं बोलणं नव्हतं.

जायच्या सकाळी ती रिक्षा घेऊन दारात गेली तेव्हा तो चष्मा लावून ओट्यावर बसलेला होता. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती. गाडीत दौंड गेल्यावर तिनं डबा उघडला, त्यानं चार घास खाल्ले आणि झाकण लावलं.

चौथ्या मजल्यावर ताबीशनं नळी लावली. द्रव उतरला तो स्वच्छ पिवळा होता, आणि यंत्र कुरकुर न करता चालू झालं. ताबीश खूश झाला. डॉक्टरीणबाई आल्या, पिशवी बघून म्हणाल्या, म्हणजे गोळीचाच दोष होता, बरं झालं बंद केली. त्या कागदावर लिहायला लागल्या.

नागूबाई बाकड्यावरून उठली. बाई, लिहू नका, म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. शेंगदाणा, उखळ, कागदावरचा डाग, सगळं सांगितलं. मी अडाणी, मला कळलं न्हाई, ह्याचा काय दोष न्हाई, ह्यानं मी दिलं ते खाल्लं. ताबीशकडं वळून तिनं हात जोडले. शपथ खोटी नव्हती पोरा, म्हणाली, पण म्याच चुकले. ताबीश कावराबावरा होऊन नळ्याच तपासायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा दमलेला दिसला. त्या म्हणाल्या, आम्ही कागद दिला होता, त्यात लिहिलेलं होतं, तुम्हाला वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्यायचं ना. नागूबाई खाली बघून व्हय व्हय म्हणत राहिली.

"तिला बोलू नका," खाटेवरून आवाज आला. जबडा पुरता उघडत नसल्यानं धर्मपालचं बोलणं हळू यायचं, पण शब्द नीट होते. "कागद माझ्याजवळ होता. मी वाचला होता. मी मुद्दाम खाल्लं."

यंत्र चालू होतं. डॉक्टरीणबाई त्याच्या खाटेपाशी गेल्या आणि त्यांनी कारण विचारलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी पुष्कळ थकलेली माणसं पाहिली असतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मग आता मी काय लिहू, ते तुम्हीच सांगा."

त्याला हवं तर हे सगळं इथंच थांबणार होतं, आणि या वेळी यंत्रावर ढकलायची सोय नव्हती. नागूबाईनं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

धर्मपाल नळीतून जाणारं रक्त बघत पडला होता.

"गोळी परत लिहा," तो म्हणाला. "आणि न्याहारीला काय खाऊ, तेबी लिहून द्या. हिला चटणीबिगर दुसरं काय येत न्हाय."